वाळू द्रव आहे का? मुलांना पदार्थाच्या अवस्था शिकवताना

चौथीतल्या मुलाला द्रव म्हणजे काय असं विचारा. उत्तर लगेच येतं: ज्याला स्वतःचा आकार नसतो, भांड्यात ओतलं की जो भांड्याचा आकार घेतो. मग बांधकामाची कोरडी वाळू तांब्यात भरून त्याच्यापुढे ठेवा आणि वाटीत ओतायला सांगा. वाळू सरसर ओतली जाते, वाटीचा आकारही घेते. मग वाळू द्रव झाली का? वर्गात लगेच दोन तट पडतात. "बाई, वाळू पाण्यागत ओततीय की!" असं एक मूल म्हणतं, तर दुसरं म्हणतं, "पण भिजत नाही ना!"

हा वाद व्हायलाच हवा. स्थायू, द्रव, वायू या तीन व्याख्या पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, पण पदार्थ कळतो तो व्याख्येत सहज न बसणाऱ्या वस्तू हातात घेतल्यावर. खाली दिलेला क्रम बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले पालक आणि शिक्षक यांच्यासाठी आहे. सात ते बारा वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवली आहेत. बहुतेक सगळं घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

आधी सामान जमवून ठेवा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज, एक भिंग, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, घट्ट झाकणाची काचेची बरणी, बर्फ, मीठ, खोबरेल तेल, थोडं तूप, गुळाचा खडा, स्टीलचा, लाकडाचा आणि प्लास्टिकचा असे तीन चमचे. शाळेत प्रयोगशाळेचा थर्मामीटर असेल तर फार बरं. पण तो लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा नको. पाऱ्याचा फुटला तर लहान मुलांच्या वर्गात तो गोळा करणं अवघड आणि धोक्याचं असतं.

पहिली पायरी: वाटणी करायची, पण कारणासकट

टेबलावर खडा, पाणी, तेल, मध, रवाळ तूप, मीठ, कापूस, टूथपेस्ट आणि फुगवलेला फुगा मांडा. पाटीवर आणखी तीन शब्द लिहा: सावली, ऊन, आवाज. आता एकच प्रश्न विचारा: यातलं काय जागा व्यापतं आणि कशाला वजन आहे? दोन्हींचं उत्तर हो आलं तर तो पदार्थ. सावली, ऊन आणि आवाज इथेच गळतात. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण ऊन अंगाला लागतं आणि आवाज कानाला ऐकू येतो. पण काट्यावर ऊन पाडून आकडा बदलत नाही, हे त्यांना स्वतः बघू द्या.

मग तीन गट करायला सांगा. प्रत्येक वस्तू गटात टाकताना मुलाने "कारण" म्हणून एक वाक्य बोललंच पाहिजे. कारण चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका, पाटीवर लिहून ठेवा. पुढच्या पायऱ्यांत मुलं स्वतःच ते खोडतात.

आता वाळू. भिंगाखाली एकच कण ठेवा. तो वाटीत ठेवा, ताटात ठेवा, तळहातावर ठेवा, त्याचा आकार बदलत नाही. म्हणजे कण स्थायू. ओतली जाते ती असंख्य स्थायू कणांची रास. दुसरी खूण याहून सोपी आहे. ताटात वाळू ओतली की ढीग होतो आणि तसाच राहतो. पाण्याचा ढीग होत नाही. पेला तिरका धरला तरी पाण्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीला समांतरच राहतो. मध सावकाश सरकतो, पण अखेर त्याचाही पृष्ठभाग सपाट होतो, म्हणून तो द्रव. मीठ, साखर, रवा, तांदूळ हे सगळे वाळूच्याच गटातले.

कापसाला मुलं कधी कधी वायूच्या गटात ढकलतात, कारण तो हलका आणि दाबला की चेपतो. खरं तर दाबल्यावर तंतूंमधली हवा बाहेर जाते, तंतू स्वतः चेपत नाहीत. टूथपेस्ट मात्र कुठल्याच खणात नीट बसत नाही. ती नळीतून वाहते आणि ब्रशवर ढिगासारखी उभी राहते. तिला जबरदस्तीने एका खणात बसवू नका. जगातली प्रत्येक वस्तू तीन खणांत चपखल बसते असं शिकवणं चुकीचंच आहे.

घरात एक मूल मराठी शाळेत आणि दुसरं कन्नड शाळेत असेल, तर एवढं सांगून ठेवा: तिकडचे घन, द्रव, अनिल म्हणजे इकडचे स्थायू, द्रव, वायू.

दुसरी पायरी: हवा हाताला लागली पाहिजे

मुलांना हवा "काहीच नाही" वाटते. सिरिंजमध्ये हवा भरा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. तो बराच आत जातो आणि सोडला की परत मागे येतो. आता तेवढंच पाणी भरून तेच करा. दट्ट्या जवळजवळ हलतच नाही. वायू दाबला जातो, द्रव जवळपास दाबला जात नाही, हा फरक अंगठ्याला कळतो आणि मुलं तो विसरत नाहीत.

मग पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा आणि पेला उलटा, अगदी सरळ धरून बादलीतल्या पाण्यात बुडवा. बाहेर काढला तर कागद कोरडा. पेला थोडा तिरका केला की बुडबुडे सुटतात आणि कागद भिजतो. हवा जागा व्यापते, ती बाहेर गेली तरच पाणी आत येतं.

वजनासाठी फुटबॉल घ्या. तो आधीच गोल, पण थोडा मऊ असला पाहिजे. वजन करा, पंपाने कडक होईपर्यंत हवा भरा, पुन्हा वजन करा. काही ग्रॅमची वाढ दिसते. फुग्याने हा प्रयोग नीट होत नाही. फुगा फुगतो तेव्हा तो बाहेरची तेवढीच हवा बाजूला सारतो आणि आतल्या हवेचं वजन काट्यावर जवळपास उमटत नाही.

तिसरी पायरी: बर्फ, पाणी आणि न हलणारा काटा

पेल्यात बर्फाचे बारीक तुकडे आणि थोडं पाणी घ्या. थर्मामीटर बुडवा, ढवळत राहा आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. आकडा ० अंशाजवळ येऊन थांबतो. बर्फ वितळतोय, बाहेरची उष्णता आत येतेय, तरी तापमान वाढत नाही. शेवटचा तुकडा संपल्यावरच आकडा वर सरकू लागतो. आत आलेली सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तितकंच पाणी ० पासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. हे ऐकून मुलं थबकतात.

इथेच वजनाचा प्रश्न घाला. बर्फाचे खडे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून वजन करा, पूर्ण वितळू द्या, पुन्हा करा. बरणी बाहेरून कोरडी पुसली असेल तर वजन तेच येतं. पुसायचं मात्र विसरू नका, कारण बाहेर पाण्याचे थेंब जमतात. ते बरणीतून पाझरले असं बहुतेक मुलांना वाटतं. आतल्या पाण्यात हळद मिसळून पुन्हा करा. बाहेरचे थेंब पिवळे होत नाहीत, म्हणजे ते हवेतल्या बाष्पाचे.

उकळणं मोठ्यांनीच करायचं, मुलांनी हातभर लांब उभं राहून बघायचं. पुस्तकात पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस दिला आहे. बेळगावात थर्मामीटर साधारण ९७ ते ९८ च्या मध्ये थांबतो आणि मुलं म्हणतात, थर्मामीटर बिघडलाय. थर्मामीटर बरोबर आहे, पुस्तकही बरोबर आहे. १०० हा आकडा समुद्रसपाटीचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरा. कारवारच्या किनाऱ्यावर कोणी पाहुणे असतील तर त्यांच्याकडे १०० च्या आसपासच आकडा येईल. उलट प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं आणि डाळ लवकर शिजते. आपल्या गावाची उंची पाठातल्या आकड्यावर परिणाम करते हे बघितलेलं मूल पुढे कुठलाही आकडा आंधळेपणाने घेत नाही.

चौथी पायरी: जी दिसते ती वाफ नव्हे

चहाच्या किटलीच्या चोचीकडे नीट बघायला सांगा. चोचीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरं काही दिसतं ते त्याच्या पुढे. त्या रिकाम्या जागेत खरी वाफ असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पुढचा पांढरा ढग म्हणजे थंड हवेत वाफेचं पुन्हा झालेलं पाणी, अगदी बारीक थेंब. तो द्रव आहे. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूचं पावसाळ्यातलं धुकं हेच. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते तेव्हा उडणारे तुषारही थेंबच. धबधब्याचा तो ढग उकळून झालेला नाही, पाणी आपटून फुटल्याने झाला आहे. दोन्ही ढग दिसायला सारखे, पण जन्म वेगळा. सहावी-सातवीच्या मुलांना हा फरक शोधायला द्या.

उकळल्याशिवायही पाणी उडून जातं. एकसारख्या दोन ताटल्यांत दोन-दोन चमचे पाणी घालून एक घरात, एक वाऱ्यावर ठेवा आणि कोणती आधी सुकते ते बघा. जुलैत हा प्रयोग फार रंगतो. खानापुरातल्या मुलाने आणि त्याच्या अथणीतल्या मावसभावाने एकाच दिवशी, एकसारख्या ताटलीत, तेवढंच पाणी ठेवायचं आणि संध्याकाळी फोन करायचा. खानापूरच्या दमट हवेत ताटली ओली राहते, कोरड्या अथणीत लवकर सुकते. मातीचा माठ एप्रिलमध्ये पाणी गार करतो आणि पावसाळ्यात तेवढं करत नाही, याचं कारणही हेच. माठाबाहेर झिरपलेलं पाणी उडताना माठाची उष्णता घेऊन जातं, आणि दमट हवेत ते फारसं उडत नाही.

पाचवी पायरी: खोबरेल तेल

थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं हे प्रत्येक घरात दिसतं. शुद्ध खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागतं, म्हणून आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फ्रिजचीही गरज नाही. एका पेल्यात पातळ तेल घ्या आणि त्यात थिजलेल्या तेलाचा गोळा टाका. तो बुडतो. शेजारी पाण्यात बर्फ टाका. तो तरंगतो. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं, आणि म्हणून ते खाली बसतात. पाणी उलट फुगतं, साधारण नऊ टक्क्यांनी. म्हणून काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये फुटते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करणारे बाबा किंवा काका घरी असतील तर हा धडा त्यांच्याकडून ऐका. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. ते आकसणं धरूनच लाकडाचा नमुना हव्या त्या भागापेक्षा थोडा मोठा करतात. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं, पण कार्बन मिसळलेलं बिडाचं लोखंड त्याहून बरंच आधी, १२०० च्या आसपास. मिश्रणाचा द्रवणांक शुद्ध पदार्थापेक्षा वेगळा असतो, हे मोठ्या मुलांना आवर्जून सांगा.

सहावी पायरी: वितळणं वेगळं, विरघळणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मुलं साखर पाण्यात "वितळली" म्हणतात आणि तिथे पुढचं सगळं बिघडतं. मेणाचा तुकडा वाटीत घालून वाटी गरम पाण्यात धरा. मेण पातळ होतं, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. हे वितळणं: पदार्थ एक, सोबत उष्णता. मीठ पाण्यात टाका. पदार्थ दोन, मीठ पाण्यात पसरलं. हे विरघळणं. नुसतं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश लागतात, चुलीवर ते होणार नाही. मिठाचं पाणी ताटलीत उन्हात ठेवा. पाणी उडालं की मीठ परत मिळतं.

गूळ यापुढचा. पावसाळ्यात डब्यातला गूळ पाघळतो. विचारा, तो वितळला का? जुलैत तर हवा मेपेक्षा गार असते, मग उष्णतेने कसा वितळेल? मुलं अडतात, अडू द्या. गुळाचा खडा उघड्या वाटीत आणि दुसरा घट्ट डबीत ठेवा, दोन्हींचं वजन लिहून ठेवा. काही दिवसांनी उघड्या खड्याचं वजन वाढलेलं असतं. गूळ हवेतलं बाष्प ओढून घेतो आणि त्या पाण्यात थोडा थोडा विरघळतो. उघड्या मिठाला पाणी सुटतं तेही असंच.

जमलं तर हंगामात मुलांना गुऱ्हाळावर न्या. निपाणी-चिकोडीच्या बाजूला ते अजून बघायला मिळतं. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळतो, खालच्या चुलवाणात (मोठ्या चुलीत) चिपाडं जळतात, वर आलेली मळी काढत राहतात. सुरुवातीला रस पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला उकळतो. पाणी उडत जातं, साखरेचं प्रमाण वाढत जातं, आणि उकळण्याचं तापमानही चढत जातं. काकवी काढायची तर साधारण १०५ अंशांच्या आसपास थांबतात, गुळासाठी ११५ ते ११८ पर्यंत जातात. गूळ बनवणारा गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. तो थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी वळून बघतो. गोळी नीट वळली की आदण (काहिलीतला तयार पाक) उतरवायची वेळ झाली. मुलांना त्या गोळीकडे बघायला लावा: काकवीच्या वेळी ती पाण्यात पसरते, नंतर मऊ गोळी होते, शेवटी टणक. पाणी किती उरलं आहे ते बोटांनी मोजणं चाललेलं असतं. बर्फाच्या पेल्यातला आकडा एका जागी थांबला होता, इथे तो चढत राहिला. शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतला फरक याहून चांगला कुठे दिसेल असं मला वाटत नाही. काहिलीपासून मुलं लांब उभी राहतील एवढी काळजी मात्र मोठ्यांनी घ्यायची. उकळता पाक कातडीला चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा जास्त भाजतो.

कापूर हा लहानसा अपवाद इथेच दाखवून टाका. उघड्या ताटलीत ठेवलेली वडी काही दिवसांत झिजते आणि ताटली कोरडीच राहते. स्थायूचा सरळ वायू झाला, याला संप्लवन म्हणतात. लहान मुलाच्या तोंडात कापूर जाणार नाही अशा जागी ठेवा, तो विषारी आहे.

सातवी पायरी: गुणधर्म म्हणजे पदार्थाचा उपयोग

कठीण, ठिसूळ, लवचीक, पारदर्शक असे शब्द नुसते लिहून देऊ नका. प्रश्न उलटा करा: कढई लाकडाची का नसते, खिडकीला पत्रा का लावत नाहीत, दोरी काचेची का करत नाहीत? उत्तरात गुणधर्म आपोआप येतात.

दोन प्रयोग जरूर करा. तिन्ही चमच्यांच्या दांड्यांना सारख्याच उंचीवर तुपाचा ठिपका लावून त्यावर वाटाणा चिकटवा आणि चमचे गरम पाण्याच्या पेल्यात उभे ठेवा. स्टीलवरचा वाटाणा आधी घसरतो, लाकूड आणि प्लास्टिकवरचे टिकून राहतात. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी मिळाली तर ती स्टीललाही मागे टाकते.

दुसरा प्रयोग शेतातला. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या बहुतेक मुलांच्या घरी भात असतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात. पोचट दाणे तरंगतात, भरलेले खाली बसतात. तरंगलेले काढून टाकायचे, खालचे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. घनता, म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजन मावतं ते, हा शब्द मुलाला यानंतर सांगा. आज्जीने हे आयुष्यभर केलेलं असेल, तर तिलाच दाखवायला सांगा.

कण सगळ्यात शेवटी

पदार्थ बारीक कणांचा बनलेला असतो हे पुस्तकात पहिल्या पानावर येतं. मी ते शेवटी घेते, कारण तोवर मुलांकडे विचारायला प्रश्न साठलेले असतात. मैदानात खडूने चौकोन आखा. मुलं कोपराला कोपर लावून उभी राहिली आणि जागच्या जागी थरथरली की स्थायू. एकमेकांना स्पर्श सुटू न देता सरकत राहिली की द्रव. चौकोन सोडून सगळीकडे पळत सुटली की वायू. खेळ झाल्यावर तीन गोष्टी स्पष्ट सांगा. स्थायूतले कणही हलत असतात. बर्फाचं पाणी होताना कण मऊ होत नाहीत की वितळत नाहीत, फक्त त्यांची मांडणी आणि हालचाल बदलते. आणि वायूतल्या दोन कणांच्या मधल्या जागेत हवा नसते, काहीच नसतं. तिसरी गोष्ट मुलांना पटकन पटत नाही, तेव्हा सिरिंज पुन्हा हातात द्या.

अवस्था बदलली की पदार्थ तोच राहतो, पण प्रत्येक बदल असा नसतो. दूध आणि साखर आटवत आटवत बेळगावचा तपकिरी कुंदा झाला की त्याचं परत दूध होत नाही. भट्टीत भाजलेलं खानापुरी कौल भिजवलं तरी त्याचा चिखल होत नाही. ही दोन उदाहरणं या वयाला पुरेत.

सगळं एका आठवड्यात उरकायची घाई नको, कारण ऋतू मदतीला असतात. गुऱ्हाळ आणि थिजलेलं खोबरेल तेल थंडीत. माठ एप्रिलमध्ये. वळिवात गारा पडल्या तर त्या लगेच वेचून थर्मामीटरसकट पेल्यात. भाताच्या बियाण्याचा प्रयोग पेरणीच्या तोंडावर, आणि गुळाचा खडा व ताटल्या जुलैत.